ख्रिसमस कुकी किट : साचे चांगले, रंग टाकाऊ

नोव्हेंबर संपत आला की ठाण्यातल्या बेकिंग सामानाच्या दुकानांत हे किट दिसायला लागतं. पारदर्शक डबा, आत पाच साचे (चांदणी, घंटा, झाड, जिंजरब्रेडचा माणूस, हिमकण), २०० ग्रॅम रॉयल आयसिंगचं (कुकीवर लावायच्या, वाळून कडक होणाऱ्या साखरेच्या थराचं) तयार मिश्रण, पातळ रंगांच्या तीन बाटल्या, सहा पायपिंग बॅगा (आयसिंग पिळून नक्षी काढायच्या शंकूसारख्या पिशव्या) आणि त्यांच्या टोकाला लावायची दोन प्लास्टिकची नोझल. ब्रँड लिहीत नाही, कारण आतला माल सगळीकडे साधारण असाच असतो.

साच्यांपासून सुरुवात करू, कारण पैसे वसूल होतात ते तिथेच. पत्र्याचे आहेत, कड धारदार आहे, सांधा घट्ट आहे. धुतल्यावर लगेच पुसून ठेवा, नाहीतर सांध्यात गंज धरतो. हिमकणाचा साचा मात्र नवख्यांनी बाजूला ठेवावा. त्याची टोकं इतकी निमुळती आहेत की मधला भाग भाजेपर्यंत ती करपतात. घंटेचा लोलकही याच कारणाने आधी लाल होतो. एका ट्रेमध्ये एकाच मापाचे आकार लावा.

पिठाची कृती डब्याच्या मागे छापली आहे आणि तिच्यात एक चमचा बेकिंग पावडर सांगितली आहे. ती घालू नका. नानकटाई फुलली, तडकली तर शोभते. इथे झाडाचा ढग होतो. त्याऐवजी २५० ग्रॅम मैदा, २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, १५० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम पिठीसाखर आणि लागेल तसं १-२ चमचे दूध. अमूलचं नेहमीचं बटर खारट असतं, त्यामुळे वेगळं मीठ नको. बटर-साखर एकजीव होईपर्यंतच फेटा. जास्त फेटलं की हवा भरते आणि कुकी भाजताना फुगून मग बसते. गोळा दोन बटर पेपरांमध्ये ५ मिलिमीटर जाड लाटा, लाटलेली पोळी तशीच अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि मगच साचा दाबा. आपल्याकडे डिसेंबरच्या दुपारीही बटर ओट्यावर पाघळतं. कापलेले आकार ट्रेसकट आणखी १० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवले तर कडा जागच्या जागी राहतात. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) १७० अंशांवर, दोन्ही रॉड चालू, मधला थर, ११-१२ मिनिटं. कड किंचित सोनेरी दिसली की बाहेर. मधोमध मऊ वाटलं तरी आणखी भाजू नका, गार झाल्यावर कडक होते.

आता आयसिंग, म्हणजे किटची खरी परीक्षा. पाकिटावर हिरवं चिन्ह आहे, म्हणजे रॉयल आयसिंगमध्ये एरवी असते ती अंड्याच्या पांढऱ्याची पूड नाही. शाकाहारी घरांची सोय झाली, पण थर वाळायला जास्त वेळ लागतो. पाकिटावर ५० मिली पाणी लिहिलंय, तेवढं घातलं तर ताकासारखं पातळ होऊन कडेवरून ओघळतं. ३० मिलीने सुरुवात करा, भांडं आणि बीटर पूर्ण तेलकटपणाविना हवेत, कमी वेगावर ५-६ मिनिटं फेटा. शेंडा उभा राहिला की निम्मं बाजूला काढा, ते बाह्यरेषेसाठी. उरलेल्यात थेंब थेंब पाणी घालत जा. सुरीने मारलेली रेघ १५ ते २० सेकंदांत मिटली की भरायचं आयसिंग तयार. ५ सेकंदांत मिटली तर वाहणार, ३० लागले तर पृष्ठभाग खडबडीत राहणार. २०० ग्रॅममध्ये २०-२५ कुकीज होतात. डब्यावरचा ४० चा दावा विसरा.

रंगांच्या बाटल्या सरळ टाकून द्याव्यात अशा. लाल येण्यासाठी अर्धी बाटली ओतली तरी गुलाबीच येतो आणि तोवर आयसिंगचं पाणी झालेलं असतं. जेल रंग (घट्ट, लगद्यासारखा खायचा रंग) घ्या. टूथपिकच्या टोकाएवढा पुरतो. लाल थोडा फिकाच ठेवा, दोन-तीन तासांत मुरून गडद होतो. लालवर पांढरी नक्षी काढायची तर लाल थर रात्रभर वाळू द्या, नाहीतर सकाळी पांढऱ्याच्या कडेने गुलाबी झाक उतरलेली दिसते.

नोझलही निरुपयोगी, छिद्र मोठं आहे. बॅगेचं टोक कात्रीने अगदी जरासं कापलं की त्याहून बारीक रेघ येते. बॅगा मात्र बऱ्या आहेत, शिवण उसवत नाही.

वाळवण्याबद्दल किटमध्ये अवाक्षर नाही आणि खाडीकाठच्या दमट हवेत सगळा खेळ तिथेच बिघडतो. भरल्या भरल्या कुकी पंख्याखाली ठेवा, म्हणजे वरचा पापुद्रा पटकन धरतो आणि बारीक नक्षीत खड्डे पडत नाहीत. मग ८ ते १० तास उघड्यावर, जमल्यास एसीच्या खोलीत. फ्रीजमध्ये ठेवलेल्या कुकीज बाहेर काढल्या की घाम धरतात आणि रंग फुटतात. कुकी पूर्ण गार होण्याआधी आयसिंग लावलं तर बटर वर झिरपून पिवळे डाग उमटतात. त्याला इलाज नाही, त्या घरच्यांनी चहाबरोबर संपवायच्या. बोटाने हलकं दाबून थर खचत नसेल तरच डब्यात भरा, दोन थरांमध्ये बटर पेपर घालून.

त्याच दुकानात पत्र्याचे साचे सुटे मिळत असतील तर चांदणी, घंटा, झाड तेवढे घ्या, एक लाल आणि एक हिरवा जेल रंग घ्या, आयसिंगचं पाकीट वेगळं घ्या. पतंगाचा साचा कुठेच दिसत नाही, पण जानेवारीत संक्रांतीला याच पिठाचे सुरीने तिरके चौकोन कापले तरी चालतात.