तीन एमएक्स-५, एक चुंबक आणि अर्धा लिटर पाणी

स्पोर्ट्स कार घेतेय, माझदाची, असं मी बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे जरा शांतता पसरली. मग म्हणाले, "माझदा? म्हणजे टेम्पो ना गं?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. रत्नागिरीत आमचं गॅरेज मिरकरवाड्याच्या अंगाला. तिथे माझदा म्हणजे स्वराज माझदा, आणि ती मासळी वाहणार. बर्फाचं खारं पाणी मागून सतत ठिबकायचं आणि बघता बघता चासीचा पापड व्हायचा. शाळेतून आले की मी पाने द्यायला उभी असायची. त्यामुळे गाडी दिसली की लोक रंग बघतात, मी खाली वाकते. इथे इंग्लंडात समुद्र लांब असला तरी हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. पत्र्याला काय, दोन्ही सारखंच.

मला हवी होती दोन सीटची, छत उघडणारी, हाताने गिअर टाकायची गाडी. बजेट अकरा हजार पौंड, निम्म्यात भागलं तर उत्तमच. एवढं बोललात की इथे दहातले नऊ जण माझदाच्या एमएक्स-५चं नाव घेतात. १९८९ पासून ही हिरोशिमात बनतेय आणि २०१६ साली दहा लाखावी गाडी बाहेर पडली. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, वजन बेताचं, हा घाट चारही पिढ्यांत कायम. उघडझाप करणाऱ्या हेडलाइटची पहिली पिढी, एनए, आता हौशी संग्राहकांच्या हाती गेलीय, ती मी सोडून दिली. उरल्या एनबी (१९९८ ते २००५), एनसी (२००५ ते २०१५) आणि एनडी (२०१५ पासून पुढे). तिन्ही चालवून पाहिल्या.

पहिली एनबी. २००३ची, १.८ लिटर, केंटमधल्या एका खेड्यात एका गृहस्थांकडे, २,६०० पौंड. चालवायला विचाराल तर पहिल्या वळणालाच जीव जडला. गिअरचा दांडा वीतभरही नाही, आणि कडी कोयंड्यात बसावी तसा गिअर बसतो. स्टिअरिंग हायड्रॉलिक, रस्त्यावरचा खडासुद्धा तळहाताला कळतो. छताला दोन खिट्ट्या, सोडल्या की हाताने मागे ढकलायचं. परत येईपर्यंत मी मनातल्या मनात पैसे मोजूनही टाकले होते.

मग पिशवीतून चुंबक काढलं. आमच्या फ्रीजवरचं, गणपतीपुळ्याचं, रंगाला ओरखडा नको म्हणून रुमालात गुंडाळलेलं. दाराखालच्या पट्टीवर, म्हणजे सिलवर, पुढून मागे फिरवत नेलं. मागच्या चाकाच्या अलीकडे हातभर जागेत ते चिकटेचना. आत पत्रा नव्हताच, लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर छान रंग दिला होता. नंतर पाणी. या गाड्यांत छताच्या कडेला जमणारं पाणी सीटच्या मागच्या दोन भोकांतून नळीवाटे खाली जातं आणि मागच्या चाकापुढे जमिनीवर पडतं. भोकं पालापाचोळ्याने तुंबली की तेच पाणी सिलमध्ये शिरतं आणि पत्रा आतून खात सुटतं. एनबीच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ तिथे. मी अर्धा लिटरची बाटली हळूहळू रिकामी केली आणि खाली डोकावून बसले. डावीकडे थेंब नाही. मिनिटभराने सीटमागच्या गालिच्यावर हात दाबला, तो ओला. गृहस्थ म्हणाले, "हे असं करताना मी कुणाला पाहिलं नाही." मी म्हटलं, आमच्याकडे करतात.

खाली अंडरसीलचा, म्हणजे गंज धरू नये म्हणून फासतात त्या लेपाचा, काळा थर इतका ताजा की बोटाला लागला. एनबीत तर पुढचे चासी रेल, म्हणजे सांगाड्याचे लांब दांडे, दुहेरी पत्र्याचे असतात, मधल्या फटीत गंज धरला तर वरून काही दिसत नाही, आणि वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो. त्यावर असा थर पाहिला की मी नमस्कार करून निघते. खरं तर केंटपर्यंत जायचीच गरज नव्हती. गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या तपासणीचा, जुना इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो. या गाडीच्या नावावर दोन वर्षं ओळीने गंजाचा शेरा होता. वाचूनही गेले, काय करणार, फोटो लाल रंगाचे होते. शिवाय मी हॅरोमध्ये राहते. २०२३च्या ऑगस्टपासून अख्खं लंडन युलेझमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना दिवसाचे पैसे लावणाऱ्या पट्ट्यात, आलंय आणि ही गाडी त्याच्या नियमात बसत नव्हती, म्हणजे बाहेर काढली की त्या दिवसाचे साडेबारा पौंड. त्या काळातल्या काही गाड्या नियमात बसतातही, म्हणून साल बघून ठरवू नका, नंबर टाकून बघा.

एनडीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिच्यात नावं ठेवण्यासारखं फार नाही. २०१६ची, १.५ लिटर, १३१ हॉर्सपॉवर, डीलरकडे १०,९०० पौंड. वजन हजार किलोच्या आसपास, इंजिन साडेसात हजार आरपीएमपर्यंत आनंदाने पळतं, छत बसल्या जागेवरून एका हाताने उघडतं. गाडी म्हणून तिन्हींत हीच सरस, खोटं का बोला. स्टिअरिंग इलेक्ट्रिक असल्याने एनबीइतकं बोलत नाही, आणि पुढे साधा ग्लोव्हबॉक्स नाही, पर्स ठेवायची तर मागे हात घालून डबा उघडा. सहा फुटी नवरा त्यात बसला आणि बाहेर येताना त्याला हात द्यावा लागला. पण खरी अडचण ही की अकरा हजार घातले असते तर मी ती सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये सोडून निश्चिंतपणे भाजी घेऊ शकले नसते.

घेतली ती मधली, एनसी. शौकीन मंडळी हिला नाकं मुरडतात: अंगाने भरली, चाकावरची फट मोठी, वळणावर कलते, माझदाच्याच आरएक्स-८ गाडीच्या सांगाड्याशी नातं सांगते. हे सगळं खरं आहे. पण भरली म्हणजे किती, तर वजन अकराशे किलोच्या जरा वर. आजच्या बऱ्याच साध्या हॅचबॅकनाही हे जमत नाही.

माझी २००८ची, दोन लिटर, १६० हॉर्सपॉवर, ७१,००० मैल, पक्क्या घडीच्या छताची. एका निवृत्त बाईंची होती, सर्व्हिसची सगळी बिलं फाइलमध्ये तारखेने लावलेली. बटण दाबलं की बारा सेकंदांत छत सीटच्या मागे जाऊन बसतं आणि डिकी तशीच्या तशी, दीडशे लिटर. इंजिनला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, म्हणजे एनबीसारखा ठरावीक मैलांनी बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. चुंबक इथून तिथून चिकटलं. पाणी ओतलं तर दोन्हीकडून धार लागली, बाई कौतुकाने बघत उभ्या. उजव्या मागच्या चाकाच्या कमानीवर आतल्या कडेला हरभऱ्याच्या डाळीएवढा फुगवटा होता, तो दाखवून ४,३०० चे ४,००० केले. एनसीत कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, प्लास्टिकची टाकी तडकते आणि मागचे ब्रेक कॅलिपर अडकतात अशी तिची ख्याती आहे, म्हणून दोन्ही आधी तपासून घेतले.

सहा महिन्यांनी तक्रारी विचाराल तर आहेत. स्टिअरिंग वर-खाली होतं, पुढे-मागे होत नाही, त्यामुळे माझे हात जरा लांबच पडतात. स्टेपनी नाही, नुसतं पंक्चरचं किट. खराब रस्त्यावर छताचे सांधे कुरकुरतात, आणि वळणावर एनबीची आठवण येते, वरचेवर येते. पण दर मंगळवारी ऑफिसातून परतताना, पाऊस नसेल तर, सिग्नल लाल असतानाच छत उघडून होतं.

शनिवारी रॅम्पवर घेऊन खालून वॅक्स मारायचंय, मीठ पडायच्या आत. बाबांनी बजावलंय, आधी व्हिडिओ कॉल करायचा. फोन गाडीखाली सरकवायचा आणि मी मध्ये बोलायचं नाही.