निकॉन २००-५०० घेऊन भिगवणला जायचंय? मग हे वाचा

निकॉनची २००-५०० एमएम एफ ५.६ झूम लेन्स सेकंडहँड बरी मिळतेय, घेऊ का, असं बरेच जण विचारतात. पाणपक्ष्यांसाठी माझं उत्तर हो आहे. पण "५०० एमएम आली की लांबचे पक्षी टिपू आणि उरलेलं क्रॉप करून भागवू" असा हिशोब असेल तर नका घेऊ, कारण मग थोड्याच दिवसांत लेन्स सॉफ्ट आहे म्हणून तुम्हीच ती विकायला काढाल.

लेन्स २०१५ ची आहे, ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरसकट वजन २.३ किलो, फिल्टर लागतो ९५ एमएमचा (भयंकर महाग, मी लावतच नाही). मला आवडलेली मेन गोष्ट म्हणजे २०० ला पण एफ ५.६ आणि ५०० ला पण एफ ५.६ (एफ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं तो आकडा, आकडा लहान तर तोंड मोठं). म्हणजे मॅन्युअल मोडवर एकदा एक्स्पोजर सेट केलं की झूम आत-बाहेर केला तरी ते हलत नाही, आणि भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. ऑटोवर ठेवलं तर बगळा काळपट झुडपांसमोर असला की कॅमेरा फोटो उजळ करतो आणि पिसं पांढरी फट्ट होतात, तोच बगळा उडून चमकत्या पाण्यावर आला की कॅमेरा घाबरून सगळं अंधारं करतो. पक्षी तोच, ऊन तेच, मग एक्स्पोजर का बदलायचं? सकाळी ऊन नीट वर आलं की आयएसओ ४००, एफ ६.३, शटर १/४००० सेकंदाच्या आसपास ठेवा, पांढऱ्या पक्ष्यावर एक शॉट मारून स्क्रीनवर हायलाइटची लुकलुक बघा (जळलेला पांढरा भाग लुकलुकतो), लुकलुकलं तर एक्स्पोजर अजून थोडं खाली आणा. चित्रबलाक, शेकाट्या सगळे त्याच सेटिंगवर निघतात, काळे भाग नंतर रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) उचलता येतात, जळलेलं पांढरं मात्र परत येत नाही. रोहित पक्ष्याच्या (फ्लेमिंगो) बाबतीत अजून एक, पंख उघडले की त्यातला लाल रंग आधी जळतो आणि साध्या हिस्टोग्राममध्ये (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) ते कळतच नाही, आरजीबी हिस्टोग्राम लावून लाल चॅनेल वेगळा बघायचा.

आता शार्पनेस. ५०० ला पूर्ण उघडी ठेवली तर किंचित मऊ आहे, ६.३ किंवा ७.१ ला छान सुधारते, पण खरं सांगायचं तर लेन्सचा दोष त्यात थोडाच असतो. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि लांबच्या रोहितच्या थव्याचे डोळे कुठल्याच लेन्सने शार्प येत नाहीत, पंधरा लाखाची असली तरी. म्हणून कुंभारगावहून पहाटेची होडी धरा आणि उन्हाचा चटका लागायच्या आत जवळच्या पक्ष्यांचं काम उरका. होडीत ट्रायपॉड नेऊ नका, होडीच्या तळावर सगळा हलतो, त्यापेक्षा बीनबॅग काठावर टाकून जेवढं खाली बसता येईल तेवढं बसा. व्हीआर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी लेन्समधली सोय) स्पोर्ट मोडवर. नावाड्याला आधीच सांगून ठेवायचं, "दादा, थव्यात घुसायचं नाही, आडवं लांबून जाऊ आणि थांबू." थवा उडवून मिळालेल्या फोटोत नुसती शेपट्यांची रांग असते, आणि पक्ष्यांना त्रास होतो तो वेगळाच.

क्रॉपचं गणित करून बघा ना. निकॉनच्या डी ५०० कॅमेऱ्याचे २०.९ मेगापिक्सेल, लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केली की उरले पाचच्या आसपास. इन्स्टाला चालतं, बारा बाय अठरा इंची प्रिंटला २०० डीपीआयने (इंचाला २०० ठिपके) साडेआठ मेगापिक्सेल लागतात. आणि क्रॉप केलं की नॉइज, थरथर, चुकलेला फोकस सगळंच मोठं होऊन दिसतं, मग लोक शार्पनिंगचा स्लायडर ताणतात आणि पाण्यावर रवा सांडल्यासारखा दिसतो. लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) ऑल्ट दाबून शार्पनिंगचं मास्किंग वाढवा, पाणी काळं आणि पक्ष्याची फक्त कड पांढरी दिसली की थांबा. क्रॉप करताना प्रतिबिंब अर्ध्यात तोडू नका, एकतर पूर्ण घ्या नाहीतर घेऊच नका, आणि पाण्यात उभ्या पक्ष्याच्या पायाखाली जागा सोडा, नाहीतर बिचारा फ्रेमच्या काठावर उभा केल्यासारखा वाटतो. चोच जिकडे तिकडे जागा जास्त, हे तर सगळ्यांना माहितीच आहे पण विसरतात.

नावडलेलं? झूम रिंग एका हिसक्यात २०० वरून ५०० ला जात नाही, मनगट दोनदा फिरवावं लागतं, तेवढ्यात सुरय पक्षी (टर्न) सूर मारून मोकळा. फोकस पण सूर मारणाऱ्या सुरय किंवा खंड्यासाठी जरा संथच. उभ्या, चालणाऱ्या, सावकाश उडणाऱ्या पक्ष्यांना काही प्रॉब्लेम नाही, आणि भिगवणला तेच जास्त असतात. १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच १.४ पट वाढवणारा जोड) लावून ७०० एफ ८ करायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही. निकॉनची मिररलेस झेड बॉडी (कॅमेरा) असेल आणि बजेट असेल तर २०२३ ला आलेली निकॉनची १८०-६०० लेन्स बघा, वजनाला थोडी हलकी आहे आणि झूम आतल्या आत होतो, लेन्स लांब होत नाही.

सेकंडहँड घेताना टॉर्च मारून आत बुरशी बघा, कोकणातली किंवा मुंबईतली लेन्स असेल तर नक्कीच. ५०० ला जवळ आणि लांब दोन्ही ठिकाणी फोकस करून फोटो लॅपटॉपवर शंभर टक्क्यांवर बघा, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळंच शार्प दिसतं.