जीन मॅपिंगचं फळमाशीवालं ॲप: थ्री पॉइंट क्रॉस झकास, नर माशीत मात्र गडबड

जेनेटिक्समधलं लिंकेज मॅपिंग, म्हणजे क्रोमोसोमवर जीन कुठल्या क्रमाने आणि किती अंतरावर आहेत ते काढणं, शिकवणारं एक सिम्युलेटर ॲप सध्या वापरतेय. नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, पण ह्या टाइपचं कुठलंही ॲप घेताना काय तपासायचं एवढं तरी वाचून कळेल. माझ्याकडून 5 पैकी साडेतीन स्टार.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ॲप टक्केवारी आयती हातात देत नाही, माशा देतं. तुम्ही क्रॉस लावायचा, पुढची पिढी बघायची, अंगाचा रंग डोळे पंख बघून गट पाडायचे आणि मग गणित. मी एक्स क्रोमोसोमवरचे तीन जीन घेतले होते, पिवळं अंग, शेंदरी डोळे आणि छोटे पंख. तिन्हीसाठी हेटरोझायगस (प्रत्येक जीनची एक नॉर्मल आणि एक म्युटंट म्हणजे बदललेली प्रत असलेली) मादी आणि तिन्ही म्युटंट लक्षणं असलेला नर, असा थ्री पॉइंट म्हणजे तीन जीन एकदम बघणारा क्रॉस. 1000 माशा आल्या, त्यातल्या 670 आईबापांसारख्या म्हणजे पॅरेंटल, अंग आणि डोळे ह्यांच्या मधे क्रॉसओव्हर (जोडीतल्या क्रोमोसोममध्ये तुकड्यांची अदलाबदल) झालेल्या 298, डोळे आणि पंखांच्या मधे 29, आणि दोन्हीकडे झालेल्या फक्त 3.

आता हे मी लगेच सांगितलं, पण ॲप इतक्या सहज सांगत नाही. आधी विचारतं की मधला जीन कुठला, आणि बरोबर उत्तर दिल्याशिवाय अंतर काढूच देत नाही. हे फार चांगलं केलंय, कारण बहुतेक मुलं प्रश्नात जीन ज्या क्रमाने लिहिलेत तोच क्रम गृहीत धरून मोकळी होतात. इथे सगळ्यात कमी संख्येचा गट शोधायचा, म्हणजे त्या 3 माशा. एक पिवळ्या अंगाची, छोट्या पंखांची पण डोळे नॉर्मल, आणि दोन अशा की अंग पंख नॉर्मल पण डोळे शेंदरी. पॅरेंटल माशांशी ताडून बघितलं तर फक्त डोळ्यांची अदलाबदल झालीय, म्हणजे मधे डोळ्यांचा जीन. संपलं.

मग अंतर. अंग ते डोळे 298 अधिक 3, म्हणजे 30.1 टक्के. डोळे ते पंख 29 अधिक 3, म्हणजे 3.2. बेरीज 33.3 मॅप युनिट (1 टक्का म्हणजे 1 युनिट). पण अंग ते पंख थेट मोजलं तर 32.7 च येतात, कारण डबल क्रॉसओव्हरवाल्या माशा टोकाचे दोनच जीन बघितले तर पॅरेंटलच दिसतात, म्हणजे 3 माशांमधले 6 क्रॉसओव्हर मोजणीतून गळाले. ॲप हे 0.6 वेगळ्या रंगात दाखवतं आणि पुढे इंटरफेरन्सवर नेतं. गुणाकाराच्या नियमाने (30.1 टक्के गुणिले 3.2 टक्के) डबलवाल्या साधारण 10 माशा यायला हव्या होत्या, आल्या 3, म्हणजे एक क्रॉसओव्हर शेजारी दुसरा सहसा होऊ देत नाही, हाच इंटरफेरन्स. पुस्तकात हे फॉर्म्युला म्हणून पाठ होतं, इथे माशाच कमी पडलेल्या दिसतात. जीनचा पहिला नकाशा काढणाऱ्या स्टर्टेव्हंटच्या 1913 च्या मूळ नकाशाचं पण एक मॉड्यूल आहे, बघण्यासारखं आहे पण छोटंसंच.

आता तक्रारी. पहिली मोठी. दुसऱ्या क्रोमोसोमवरचे काळं अंग आणि खुरटे पंख हे दोन जीन घेऊन मी हेटरोझायगस नराचा टेस्ट क्रॉस (दोन्ही म्युटंट लक्षणं असलेल्या मादीशी) लावला, तर ॲपने नराकडून पण 17 टक्क्यांच्या आसपास रिकॉम्बिनंट (क्रॉसओव्हरमुळे लक्षणांची नवी जुळणी झालेल्या माशा) काढून दिले! ड्रोसोफिलाच्या म्हणजे फळमाशीच्या नरात क्रॉसओव्हर होतच नाही, सगळ्या पॅरेंटल माशाच यायला हव्यात. फळमाशीच्या नावावर विकलं जाणाऱ्या ॲपमध्ये ही चूक म्हणजे अतीच. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं की हे मॉडेल 'जनरल' आहे. मग माशीचं चित्र कशाला लावलंय?

दुसरी, 50 टक्के आले की ॲप थेट 'अनलिंक्ड' (म्हणजे जीन एकमेकांशी जोडलेले नाहीत) असा शिक्का मारतं. एकाच क्रोमोसोमवर लांब लांब असलेले जीनही 50 टक्केच दाखवतात, त्याच्या वर रिकॉम्बिनेशन जात नाही, म्हणून तर मधले जीन धरून तुकड्यातुकड्याने अंतर जोडायचं असतं. ह्यावर एक ओळ तरी हवी होती.

तिसरी तक्रार जरा मनाला लागणारी. मॅपिंग फंक्शनमध्ये (रिकॉम्बिनेशनच्या टक्क्यांवरून नकाशावरचं अंतर काढायचं सूत्र) फक्त हाल्डेनचं आहे, कोसंबींचं नाही. इतिहासकार म्हणून आपल्याला माहीत असलेले दामोदर धर्मानंद कोसंबीच, त्यांनी 1944 मध्ये हे सूत्र दिलं आणि त्यात इंटरफेरन्स धरलाय, हाल्डेनच्यात तो नाही. 30 टक्के रिकॉम्बिनेशनला हाल्डेन 45.8 सेंटीमॉर्गन (म्हणजे मॅप युनिटच) देतो, कोसंबी 34.7. इंटरफेरन्स इतका छान शिकवायचा आणि मग तो न धरणारं एकच सूत्र ठेवायचं, हे काही पटलं नाही. 5 टक्क्यांसारख्या छोट्या अंतरांना दोघांत नावापुरताच फरक पडतो, त्यामुळे बेसिक सरावाला काही अडत नाही.

थ्री पॉइंट क्रॉसची गणितं परीक्षेत हमखास अडत असतील तर घ्या, आणि क्रॉस लावताना हेटरोझायगस नेहमी मादीच ठेवा.