राजारामपुरीतला पालकांचा वर्ग: चार रविवार, १२०० रुपये

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी गोड, घरात तिखट, असं बायकोचं म्हणणं. मोठा तेरा वर्षांचा, फुटबॉलवेडा. धाकटी पाचची; महाद्वार रोडवर फुग्यासाठी आडवी पडून रडणारी. पोरांचा राग, रडणं कसं सांभाळायचं हे शिकवणाऱ्या या वर्गात बायकोनं परस्पर नाव घातलं म्हणून मी गेलो.

वर्ग एका बंगल्याच्या माडीवर भरतो. अठरा पालक, त्यात बाप आम्ही दोघंच. पहिला रविवार वाया गेला म्हटलं तरी चालेल. दोन तास पडद्यावर मेंदूची चित्रं. कामाचं एवढंच कळलं की राग-भीती पेटवणारा भाग पोरांत जोरात चालतो, पण त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पिकत राहतो. पोरगं भडकलेलं असताना आपण जे व्याख्यान झोडतो, ते ऐकणारा त्या वेळी तिथं हजरच नसतो. हे दहा मिनिटांत सांगून झालं असतं.

पैसे वसूल झाले दुसऱ्या रविवारी. जोड्या लावल्या, मला पोरगं केलं, दुसऱ्या गृहस्थांना बाप. मी टीममधून काढल्याची तक्रार करायची. ते म्हणाले, "एवढं काय त्यात? पुढच्या वेळी खेळशील." नाटकच होतं, तरी माझे कान तापले. हेच वाक्य मी घरात रोज म्हणतो की! मग तोच प्रसंग परत केला. आता त्यांनी दोन मिनिटं फक्त ऐकायचं. शेवटी एवढंच म्हणाले, "लई लागलं दिसतंय." मला पुढं भांडायला काही उरलंच नाही.

तिसऱ्या रविवारी श्वास शिकवला: घ्यायचा चार मोजून, सोडायचा सहा-सात मोजून. सोडणं लांबलं की छातीची धडधड उतरते. तो पोराला नाही, आधी आपल्याला.

त्याच आठवड्यात पोरगं मॅच हरून आलं. बूट भिंतीवर, दार धाडकन. माझी आई म्हणाली, "बघ रं तुझ्या लेकाकडं." मी जिन्यात बसून श्वास मोजला, मग दाराबाहेर जाऊन म्हटलं, "मी इथं बसलोय." बूट फेकायचा नाही, हे दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि भिंतीवरचा डाग त्यालाच पुसायला लावला. त्या रात्री मात्र वीस मिनिटांनी दार उघडलं. "पप्पा, सेकंड हाफला मला बाहेर काढलं." मग तीन भाकऱ्या खाल्ल्या. धाकटीवर अजून जमत नाही, खोटं कशाला सांगू.

तक्रारी आहेत. बाई शिकवतात छान, पण उदाहरणं सगळी चौकोनी कुटुंबाची. आजी मागून चॉकलेट देते तेव्हा काय करायचं, याला उत्तर नाही. प्रश्नांना शेवटची पाच मिनिटं. बसायला सतरंजी, गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्ची आधीच मागून घ्यावी.

एक गोष्ट मात्र त्यांनी स्पष्ट सांगितली, ते आवडलं. पोरगं जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल, किंवा दोन आठवडे झोप-जेवण उडालं असेल, तर या वर्गाच्या भरवशावर राहायचं नाही, डॉक्टर गाठायचा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट चालतो, मराठीतही बोलतात.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या बॅचला दाजींचं नाव घातलंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.