सेकंडहँड रोटोटॉम : आठ महिन्यांनंतर

सहा, आठ आणि दहा इंचाचे तीन रोटोटॉम, म्हणजे फिरवून सूर बदलता येणारे चपटे ड्रम, एकाच दांडीवर बसवलेले, स्टँडसकट. ऑक्टोबरमध्ये ओळखीच्या ओळखीतून जुने घेतले, त्यामुळे नव्या मालाबद्दल मला विचारू नका. मी पुण्यात सहा वर्षं पथकात ताशा वाजवला, आता अमेरिकेत, वॉशिंग्टन डीसीजवळ व्हर्जिनियात फेअरफॅक्स काउंटीत राहतो. ढोलताशा पथकं इथेही आहेत, पण ती गणपतीपुरती. उरलेलं वर्ष हात नुसते शिवशिवतात.

घेण्याचं कारण गो-गो. वॉशिंग्टन डीसीचं स्वतःचं फंक, म्हणजे ठेक्यावर नाचायचं संगीत. गेल्या उन्हाळ्यात शहरात एका उघड्यावरच्या कार्यक्रमात ऐकलं, आणि काँगा (हाताने वाजवायचा उंच ड्रम) वाजवणाऱ्याच्या शेजारी हे चपटे टॉम कडाडताना ऐकून वाटलं, अरे, हा तर ताशा!

तो ताशा नव्हे, हे कळायला दोन महिने गेले. रोटोटॉमला खोडच नसतं. एक कडं आणि त्यावर ताणलेलं पान, बस. पान फिरवलं की सूर चढतो, उलटं फिरवलं की उतरतो. आवाज कोरडा, तोकडा, गर्दीतूनही नेमका कानावर येणारा. मी पहिल्याच दिवशी ताशाची तर्री, म्हणजे भराभर पडणारी ठोक्यांची सर, घातली. बायको खाली येऊन म्हणाली, "पत्र्यावर गारा पडतायत का?" खरंच तसं वाजत होतं. दोष वाद्याचा नव्हता. ते भरायला नसतं, मोकळ्या जागेत एकच ठोका टाकायला असतं, आणि ती जागा कुठे येते हे गो-गोचा इतिहास कळल्याशिवाय माझ्या हाताला उमगेना.

या संगीताचा आजोबा चक ब्राऊन. जन्म १९३६, नॉर्थ कॅरोलिनातला. तो गिटार शिकला लॉर्टनच्या तुरुंगात, सिगारेटच्या बदल्यात मिळवलेल्या गिटारवर. लॉर्टन माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. तुरुंग २००१ मध्ये बंद झाला, आता तिथे कलाकेंद्र आहे. सत्तरच्या दशकात त्याचा 'सोल सर्चर्स' हा बँड क्लबांतून वाजवायचा. तेव्हा डिस्को जोरात होतं, आणि बँडपेक्षा तबकड्या लावणारा माणूस क्लबवाल्यांना स्वस्त पडायचा. शिवाय गाणं संपलं की नाचणारे आपापल्या टेबलाकडे निघायचे. चकने त्यावर साधा तोडगा काढला. गाणं थांबलं तरी ड्रम, काँगा आणि काउबेल (काडीने वाजवायची लोखंडी घंटा) थांबवायचे नाहीत. तेवढ्या वेळात तो समोरच्यांशी गप्पा मारणार, त्यांची नावं पुकारणार, ते ओरडून उत्तर देणार, आणि त्याच ठेक्यावरून पुढच्या गाण्यात शिरायचं. ठेका त्याने सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरच्या १९७५ च्या 'मिस्टर मॅजिक'वरून उचलला. लहानपणी चर्चमध्ये ऐकलेली लय त्याला तिथे सापडली होती. १९७९ मध्ये त्याचं 'बस्टिन लूज' अमेरिकेच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत पहिलं आलं.

त्या ठेक्याला तिथले लोक 'पॉकेट' म्हणतात. संथ, झुलता, ऐकायला सोपा आणि धरून ठेवायला महाकठीण. चकचा ड्रमर रिकी वेलमन याच हातावर पुढे प्रसिद्ध जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये गेला. मी रोज अर्धा तास जुनी ध्वनिमुद्रणं लावून बसायचो. 'पीए टेप' म्हणतात त्यांना. कार्यक्रमात थेट ध्वनियंत्रणेवरून कॅसेट भरायची आणि ती शहरात हातोहात विकली जायची. स्टुडिओतल्या तबकड्यांपेक्षा मला याच आवडल्या. पाच-सहा मिनिटांच्या गाण्यात गो-गो मावतच नाही. १९८८ मध्ये 'ई.यू.' बँडचं 'डा बट' देशभर गाजलं खरं, पण एरवी हे संगीत डीसी आणि आसपासच्या भागातच रमलं. टेपवर गायक समोरच्या वस्त्यांची नावं घेतो तेव्हा मला आपल्या ऑर्केस्ट्रातली "अमुक मंडळाच्या कार्यकर्त्यांची खास फर्माईश" आठवते.

रोटोटॉमला खरा मान मिळाला तो २००० नंतरच्या 'बाउन्स बीट' या गो-गोच्या नव्या प्रकारात. टीसीबी वगैरे बँडांच्या तरुण पोरांनी टॉम आणि टिंबाली (काड्यांनी वाजवायचे धातूचे उथळ ड्रम) पुढे आणले. जुने रसिक त्यावर नाकं मुरडतात. मला दोन्ही आवडतं, पण माझ्या हाताला जुनंच बरं.

आता तक्रारी. जोरात वाजवलं की सूर हळूहळू सरकतो, अर्ध्या तासाने परत फिरवावं लागतं. मूळ पानांना खळगे पडले होते, तिन्ही बदलली, आणि फरक लगेच कळला. सहा इंची फार किरकिरा आहे, मी तो काढूनच ठेवलाय. दांडीच्या एका नटाचे आटे गेलेत, तसा नट अजून मिळालेला नाही. ताशाच्या काड्या वापरू नका, थोड्या जाड घ्या.

आणि शेजारी! आमची भिंत सामाईक. डिसेंबरात पलीकडून चिठ्ठी आली, सभ्य पण स्पष्ट. २०१९ मध्ये डीसीच्या शॉ भागात एका मोबाइलच्या दुकानाबाहेर वर्षानुवर्षं वाजणारं गो-गो नव्या उंची इमारतीतल्या रहिवाशाच्या तक्रारीवरून बंद झालं होतं. त्यावर लोक रस्त्यात बँड घेऊन उतरले, 'डोन्ट म्यूट डीसी' म्हणत. संगीत परत सुरू झालं, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये महापौर म्युरिएल बाउझर यांनी सही करून गो-गोला शहराचं अधिकृत संगीत केलं. आमच्या गल्लीत माझ्यासाठी कोणी उतरलं नाही. मी पानांवर रबरी चकत्या टाकल्या आणि रात्री आठनंतर बंद.

घ्यावेत का? काँगा किंवा ढोलकी वाजवणारा कोणी सोबत असेल तर जरूर. एकट्याने वाजवायला हे वाद्य कंटाळवाणं आहे. आणि पैसे खर्चायचे नसतील तर बादल्या घ्या, चेष्टा नाही. 'जंकयार्ड बँड'ची पोरं ऐंशीच्या दशकात डीसीच्या बॅरी फार्म वस्तीत बादल्या आणि डबे बडवतच सुरू झाली होती.

मे महिन्यात इथल्या पथकाच्या सरावाला दोन टॉम नेले. ढोलाचा एक हात (ठरलेला ठेका) संपला, सगळे पाणी प्यायला वळले, मी आणि एक ढोलवाला थांबलोच नाही. चार मिनिटं नुसता ठेका धरला. मग एकाने बाटली खाली ठेवली, टिपरू उचललं आणि परत आत शिरला. बाकीचे मात्र पाणी पीत बसले.

सहा इंची खोक्यात पडून आहे. कोणाला हवा असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. येताना तसा नट मिळाला तर मात्र आणा.