पेट्रोलच्या पॉइंटपायी गेलेले ४९,९९९ रुपये

मी सांगलीचा. द्राक्षबागेच्या औषधांच्या कंपनीत फिल्डवर आहे. सकाळी विश्रामबागेतून गाडी काढायची आणि तासगाव, मणेराजुरी, सावळज, कवठेमहांकाळ करत दिवेलागणीला घर गाठायचं, हा रोजचा क्रम. फळछाटणीचा हंगाम लागला की दिवसाला सव्वाशे किलोमीटर सहज होतात. कंपनी किलोमीटरवर पैसे देते, पण पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून ते पुरत नाहीत. महिन्याला सहा हजारांच्या आसपास पेट्रोल लागतं आणि त्यातला काही भाग खिशातूनच जातो. म्हणूनच पेट्रोल स्वस्त पडेल असं कुणी म्हटलं की माझे कान टवकारतात. हे आधीच सांगतो, कारण माझ्यासारखे फिरतीवरचे शेकडो लोक या जिल्ह्यात आहेत आणि हे लिहितोय ते त्यांच्यासाठीच.

मिरज रोडवरच्या एका पंपावर हवा भरायच्या मशिनशेजारी छत्री लावून एक मुलगा टेबल टाकून बसला होता. अंगात बँकेचं नाव छापलेला टी-शर्ट, वागणं अदबीचं. "दादा, पेट्रोलला महिन्याला किती जातात?" मी आकडा सांगितला. त्यानं मोबाईलवर हिशोब करून दाखवला : आमच्या बँकेचं पेट्रोलचं क्रेडिट कार्ड घ्या, वर्षाला पन्नास लिटर पेट्रोल फुकट, कार्ड लाइफटाइम फ्री, कुठल्याही पंपावर वापरा, सरचार्ज, म्हणजे कार्डानं पेट्रोल घेतल्यावर लागणारा जादा आकार, शून्य. माझ्या आधार आणि पॅन कार्डाचे फोटो त्यानं स्वतःच्या मोबाईलवर काढले. बँकेच्या यंत्रावर नव्हे, स्वतःच्या फोनवर. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कार्ड आठवड्याभरात कुरिअरनं आलं. दुसऱ्याच दिवशी तो मुलगा फोन करून घरी आला, म्हणाला, "चालू करून देतो, नाहीतर कार्ड पडून राहील." बायकोनं चहा केला. चहा होईपर्यंत त्यानं माझा फोन हातात घेऊन बँकेच्या अ‍ॅपमध्ये काय काय केलं, ते मी नीट पाहिलंच नाही. पुढे कळलं की त्यानं सगळे खटके चालू करून ठेवले होते : ऑनलाइन व्यवहार, परदेशी व्यवहार, टॅप करून पैसे देणं, आणि प्रत्येकाची मर्यादा पूर्ण ७५,००० रुपयांवर. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशिनवर चालणारं मिळतं. ऑनलाइन वापर ज्याला हवा त्यानं स्वतः सुरू करायचा असतो. मला कार्ड फक्त पंपावर वापरायचं होतं. तो ऑनलाइनचा एक खटका बंद राहिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे मला आजही डाचतं.

पहिल्या बिलातच ४९९ रुपये वार्षिक फी आणि त्यावर जीएसटी, मिळून ५८८ रुपये ८२ पैसे आले. मुलाला फोन लावला तर म्हणाला, "वर्षात पन्नास हजार खर्च केले की फी परत मिळते." लाइफटाइम फ्रीचं काय झालं, यावर उत्तर नाही. कार्डानं पेट्रोल टाकल्यावर जमा होणाऱ्या पॉइंटचंही तसंच. ज्या तेल कंपनीशी कार्ड जोडलेलं होतं तिच्याच पंपांवर चांगले पॉइंट, तेही महिन्याच्या कमाल मर्यादेपर्यंत. इतर पंपांवर पॉइंट जवळजवळ नाहीतच. मला जिथे पेट्रोल संपतं तिथे जो पंप लागेल तो खरा, जतच्या रस्त्यावर निवड करत बसायला पंप आहेत कुठे? आणि सरचार्ज माफ होतो तो ४०० रुपयांच्या वरच्या बिलावर. मी दुचाकीत सवयीनं तीनशेचं टाकायचो. दर वेळी कमीत कमी दहा रुपये सरचार्ज आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ११ रुपये ८० पैसे लागत होते. हे मी बिल ओळीनं वाचल्यावर कळलं, आणि बिल ओळीनं वाचलं ते चौथ्या महिन्यात.

आता मूळ गोष्ट. पाचवा महिना होता. दुपारी सावळजला एका बागेच्या बांधावर उभा असताना फोन आला. बाई स्वच्छ मराठीत बोलत होत्या. माझं पूर्ण नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, कार्ड कुठल्या महिन्यात मिळालं, सगळं त्यांच्याकडे होतं. म्हणाल्या, "सर, तुमचे ९,८५० पेट्रोल पॉइंट आज रात्री बाराला संपतायत. एका पॉइंटला एक रुपया. आत्ता घेतले तर थेट बिलात जमा होतील." मी म्हटलं, ओटीपी मी कुणाला सांगत नाही. त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर सर, ओटीपी कुणालाच सांगायचा नसतो. मलाही सांगू नका." या एका वाक्यावर माझा विश्वास बसला.

व्हॉट्सअ‍ॅपवर बँकेचं चिन्ह असलेली एक फाइल आली. नावात रिवॉर्ड आणि शेवटी एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी फाइल. दाबल्यावर फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप टाकायचं का. बाई लाइनवरच होत्या : "हो म्हणा सर." मग अ‍ॅपनं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. पडदा हुबेहूब बँकेसारखा. कार्ड नंबर, मुदत, मागचे तीन आकडे भरले. "चोवीस तासांत पॉइंट जमा होतील," असा संदेश झळकला. मी फोन खिशात टाकला आणि बागेवर भुरीचा प्रादुर्भाव किती आहे ते पाहायला लागलो.

ओटीपी मी खरोखरच कुणाला सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती. ते अ‍ॅप माझ्या फोनवर येणारा प्रत्येक एसएमएस परस्पर त्यांना पाठवत होतं, आणि खर्चाचे अलर्ट मला दिसूही देत नव्हतं. "ओटीपी सांगू नका" हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की तेवढं पाळलं म्हणजे आपण सुरक्षित, असं वाटायला लागतं. कृपा करून तसं समजू नका. एसएमएस वाचायची परवानगी देणं म्हणजे ओटीपी देणंच आहे.

संध्याकाळी कवठेमहांकाळला पंपावर पाचशेचं पेट्रोल टाकलं. कार्ड दिलं. पंपावरच्या पोरानं दोनदा मशिनमध्ये घातलं, पुसून तिसऱ्यांदा घातलं, आणि म्हणाला, "दादा, चालंना की हे. लिमिट न्हाई म्हणतंय." माझ्या हिशोबानं कार्डावर सहा हजार दोनशेच्या आसपास वापरलेले होते. रोख पाचशे दिले आणि पंपाच्या कडेला गाडी लावून बँकेचं अ‍ॅप उघडलं. दुपारी दोन व्यवहार झालेले : एका वॉलेटमध्ये ४९,९९९ आणि एका शॉपिंग साइटवर मोबाईलसाठी १८,४९९. एकूण ६८,४९८ रुपये. कार्डावर उरलेले होते तीनशे दोन. हात इतके थरथरत होते की फोनवर आकडे दाबता येईनात.

घाईत मी गुगलवर बँकेचा हेल्पलाइन नंबर शोधायला गेलो. तिथेच थांबलो ते बरं झालं, कारण असे खोटे हेल्पलाइन नंबर इंटरनेटवर पेरून ठेवलेले असतात आणि घाबरलेला माणूस दुसऱ्यांदा लुटला जातो. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करून कार्ड बंद केलं आणि तक्रारीचा नंबर लिहून घेतला. मग लगेच १९३० ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. व्यवहाराची वेळ, रक्कम, कुठे गेली, हे सगळं त्यांनी विचारलं आणि नोंद करून घेतली. रात्री घरी येऊन सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर स्क्रीनशॉट चढवले आणि दुसऱ्या दिवशी सांगलीत पोलिसांकडे लेखी दिलं. मोबाईलची ऑर्डर अजून पाठवलेली नव्हती, ती रद्द झाली आणि १८,४९९ परत आले. वॉलेटमधले ४९,९९९ मात्र तासाभरातच पुढे सरकले होते. मी दुपारीच कळवलं असतं तर कदाचित तेही अडले असते.

बँकेचं उत्तर एकेचाळीसाव्या दिवशी आलं : व्यवहार योग्य ओटीपी टाकून झालेला आहे, सबब जबाबदारी ग्राहकाची. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. ग्राहकाची चूक नसेल आणि त्यानं तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर त्याला काहीच भरावं लागत नाही. त्याच्या निष्काळजीपणानं पैसे गेले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं. म्हणून मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली आहे. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर ती करता येते, फुकट आहे आणि वकील लागत नाही. निकाल अजून यायचाय. परवानगी मीच दिली होती, त्यामुळे फार आशा धरून नाही.

दरम्यान आणखी एक घोळ केला, तोही सांगायला हवा. तक्रार चालू आहे म्हणून मी तीन महिने फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरत राहिलो. तेवढं भरलं की दंड चुकतो, व्याज चुकत नाही. ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात आणि वर जीएसटी, म्हणजे माझ्या रकमेवर महिन्याला दोन हजारांच्या वर. शेवटी पतसंस्थेत मुलीच्या नावे ठेवलेली ठेव मुदतीआधी मोडून सगळं भरलं. त्या दिवशी बायको काही बोलली नाही. पावती कपाटातून काढून तिनं टेबलावर ठेवली, एवढंच.

माझे खरे पॉइंट नंतर बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहिले. २,४६०. एका पॉइंटला पंचवीस पैसे, म्हणजे ६१५ रुपये. फी ५८८ रुपये ८२ पैसे गेलेली, आणि तीनशेचं पेट्रोल आठ वेळा टाकलं त्याचा सरचार्ज ९४ रुपये ४० पैसे. म्हणजे फसवणूक झालीच नसती तरी पाच महिन्यांत या कार्डानं माझे पैसे वाचवले नव्हते, उलट अडुसष्ट रुपये घेतले होते. ज्यांची चारचाकी आहे, घराजवळच त्या कंपनीचा पंप आहे, एका वेळी हजार-दोन हजारांचं इंधन टाकतात आणि पूर्ण बिल वेळेवर भरतात, त्यांना अशी कार्डं परवडतात. माझ्या एका सहकाऱ्याला परवडतं, हे मी पाहिलंय. दुचाकीवाल्यानं घेण्याआधी कागदावर बेरीज-वजाबाकी करावी, टेबलावरच्या मुलाच्या मोबाईलवर नव्हे. तो मुलगा चोरांना सामील होता असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. पण माझी कागदपत्रं त्याच्या फोनमध्ये होती.

गेल्या आठवड्यात मणेराजुरीला एका बागायतदार आबांकडे गेलो होतो. बोलता बोलता त्यांनी फोन पुढे केला, "हे बगा हो, बँकेचं काय आलंय. पॉइंट बुडत्यात म्हणं." तेच चिन्ह, तसंच नाव, शेवटी एपीके. आबांनी ती उघडली नव्हती, चष्मा सापडत नव्हता म्हणून. मी आधी फाइल पुसली, नंबर ब्लॉक केला आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या चक्षू या तक्रार सेवेवर नोंदवला. मग विचारलं, ही कुणी पाठवली? आबा म्हणाले, "गावच्या ग्रुपवर आलीय, आमच्या थोरल्यानं टाकलीय." थोरला दावणीपाशी फवारणीचा पंप धूत होता. त्याच्या फोनवर ते अ‍ॅप सकाळीच पडलं होतं. फोनचं नेट बंद केलं, अ‍ॅप काढलं, आबांच्या फोनवरून त्याच्या बँकेला कळवून खातं थांबवलं आणि तिथेच बसून ग्रुपवर सगळ्यांना लिहिलं की ती फाइल उघडू नका, उघडली असेल तर आत्ता बँकेला फोन करा. ग्रुपात दोनशे चौदा माणसं होती.