स्वतःचं नाव, एक टोपणनाव की दोन? पहिल्या कादंबरीआधीचा हिशेब

विशीत असताना एका दिवाळी अंकात माझी कथा आली, टोपणनावाने. मानधनाचा चेकही त्याच नावाने आला, साडेतीनशे रुपयांचा. बँकेतल्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे कोण?" म्हटलं, "मीच." "मग खातं वेगळ्या नावाचं कसं?" मी पिशवीतून अंक काढून कथा दाखवली. त्यांनी उभ्याउभ्या पहिला परिच्छेद वाचला, "छान आहे" म्हणाल्या आणि चेक परत दिला. तो अजून माझ्या शब्दकोशात खूण म्हणून पडून आहे.

हे आठवलं भाचीमुळे. वय एकोणीस, एक कादंबरी लिहून तयार, दुसरी भयकथेच्या अंगाने जाणारी, अर्धी झालेली. "मामा, नाव कुठलं घालू?" तिच्यापुढे तीन वाटा होत्या. सरळ स्वतःचं नाव. एकच टोपणनाव, कायमचं. किंवा दोन नावं, प्रत्येक प्रकारच्या लेखनाला एक. तिसरी वाट तिला फार आवडली होती. मला आवडलेली नव्हती, म्हणून आम्ही ज्यांनी हे करून पाहिलं त्यांचीच उदाहरणं शेजारीशेजारी ठेवून बघितली.

किंग आणि खानोलकर

दोन नावं म्हटलं की अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंग आठवतोच. त्याची ‘कॅरी’ १९७४ साली आली तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. पण त्याच्या खणात आधीच कादंबऱ्या साठल्या होत्या. एक शाळेत असताना सुरू केलेली, एक कॉलेजच्या सुरुवातीच्या दिवसांतली. एका लेखकाचं वर्षाला एकच पुस्तक काढायचं, असा तेव्हाच्या अमेरिकन प्रकाशकांचा खाक्या. किंगचा हात त्याहून जोरात चालणारा. शिवाय आपलं यश लिखाणाचं की नशिबाचं, हा किडाही डोक्यात होता. मग १९७७ ते १९८४ या काळात पाच पुस्तकं ‘रिचर्ड बाकमन’ या नावाने निघाली. या बाकमनला न्यू हॅम्पशरमध्ये गाईगुरांची शेती दिली गेली, एका पुस्तकाच्या मलपृष्ठावर भलत्याच माणसाचा फोटोही छापला.

बिंग फुटलं ते वॉशिंग्टनमधल्या पुस्तकाच्या दुकानात काम करणाऱ्या एका वाचकामुळे. त्याला शैलीवरून संशय आला. तो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जाऊन कॉपीराइटच्या नोंदी चाळत बसला आणि एका नोंदीत चक्क किंगचं नाव सापडलं. सात-आठ वर्षं सांभाळलेलं सोंग एका कागदाने उतरवलं. बाकमनचं शेवटचं पुस्तक तोवर २८ हजार प्रती खपलं होतं; लेखक किंग आहे हे कळल्यावर खप दहापट झाला. पुस्तक तेच, त्यातला शब्दही बदललेला नव्हता.

भाचीला मी यातली आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगितली. शाळेत सुरू केलेली ती कादंबरी, ‘रेज’, वर्गात बंदूक घेऊन शिरणाऱ्या मुलाची आहे. पुढे अमेरिकेतल्या शाळांमधल्या गोळीबारांशी तिचं नाव जोडलं जाऊ लागलं, तेव्हा किंगने ती छापणं बंद करायला लावलं. कव्हरवर बाकमन होता, पण निर्णय किंगलाच घ्यावा लागला.

आता आपल्याकडचे चिं. त्र्यं. खानोलकर. वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईत १९३० साली जन्म, कुडाळला खाणावळ, आणि ‘सत्यकथे’त कविता ‘आरती प्रभू’ या नावाने. कादंबऱ्या नि नाटकं मात्र खऱ्या नावाने. ‘कोंडुरा’ खानोलकरांची, ‘नक्षत्रांचे देणे’ आरती प्रभूंचं. १९७६ साली ते गेले, अवघे सेहेचाळीस वर्षांचे, आणि त्या कवितासंग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७८ मध्ये मिळाला.

इथे लपवाछपवी नाही. वाङ्मयाच्या वर्तुळात सगळ्यांना ठाऊक होतं. किंगला दुसरं नाव मुखवटा म्हणून हवं होतं, खानोलकरांचं दुसरं नाव घरातल्या दुसऱ्या खोलीसारखं. म्हणून फुटण्याची भीतीच नाही. तोटा वेगळाच आहे. ‘ये रे घना’ गुणगुणणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की ‘रात्र काळी घागर काळी’ त्याच माणसाने लिहिली? पुस्तकांच्या दुकानात कवितेचं कपाट एकीकडे, कादंबरीचं दुसरीकडे, आणि दोन्हीकडे वेगळं नाव. वाचक एकातून दुसऱ्यात आपणहून जात नाही. खानोलकरांच्या ताकदीच्या लेखकाला हे परवडतं. ज्याचे अजून पन्नास वाचक नाहीत, त्याने ते पंचवीस-पंचवीस असे का वाटावेत?

जिथे टोपणनाव ही गरज होती

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ निघालं, लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाचं वय उलटून चाललेल्या मुलींच्या मनातलं इतकं उघड कुणी लिहिलं नव्हतं. गहजब झाला. ही बाई कोण, की बाप्याच बाईच्या नावाने लिहितोय, अशा चर्चा रंगल्या. खरी लेखिका बाळूताई खरे, वय अठ्ठावीस, शिरूर-घोडनदीची, शिक्षणक्षेत्रात नोकरी करणारी. आडनाव गावावरून घेतलेलं. पाठोपाठ ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या, पण विभावरी हे नाव वाचकांच्या तोंडी राहिलं ते राहिलंच.

त्या काळी हे लेखन खऱ्या नावाने छापलं असतं तर नोकरी नि घर दोन्हीकडे काय झालं असतं, ते सांगायला नको. आणि त्या नावामुळे मिळालं काय? लिहिताना जीभ सैल सोडता आली. मोजावं काय लागलं? पुस्तकावर गावभर वाद चाललाय आणि आपण शिक्षिका म्हणून गप्प बसायचं. हे कसं वाटत असेल याचा विचार भाचीने बराच वेळ केला. मग म्हणाली, "मला नाही जमणार. मी आईला दुसऱ्या दिवशी सांगीन."

घराण्याचं नाव वाचवणं हे कारण तरुण लेखकांच्या बाबतीत जगभर दिसतं. फ्रान्समध्ये फ्रांस्वाज क्वारेझ या मुलीने १९५४ साली, अठराव्या वर्षी पहिली कादंबरी आणली. वडिलांना आडनाव पुस्तकावर नको होतं, तर तिने प्रूस्तच्या कादंबरीतून ‘सागां’ उचललं आणि जन्मभर तेवढंच वापरलं. आपल्याकडे चंद्रकांत सखाराम चव्हाण हे नाव कोण ओळखतं? बाबूराव अर्नाळकर म्हटलं की झुंजार नि काळापहाड डोळ्यांपुढे येतात. हजाराहून जास्त रहस्यकथा, सगळ्या त्या एका नावावर. ही दुसरी वाट: एक नाव घ्या आणि त्यालाच खत घाला.

दुसरं नाव घेऊन परीक्षा द्यायची असेल तर

काहींना वाटतं, नव्या नावाने पाठवून बघू, लेखनाला खरी दाद मिळते का. ब्रिटिश कादंबरीकार डोरिस लेसिंगने हे केलं. नामवंत झाल्यानंतर, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिने ‘जेन सोमर्स’ या नावाने कादंबरी पाठवली. तिच्याच नेहमीच्या ब्रिटिश प्रकाशकाने साभार परत केली. पुढे दुसऱ्या प्रकाशकाने छापली तरी फारशी खपली नाही. तिने १९८४ मध्ये स्वतःच उघड केलं. नव्या माणसाला दार किती घट्ट असतं ते तिला दाखवायचं होतं, ते दिसलं. पण नवख्याने हा प्रयोग करण्यात अर्थ नाही. तो तसाही नवखाच आहे, दार बंदच आहे.

कागदपत्रं

इथे माझा चेक पुन्हा येतो. करारावर सही खऱ्या नावाची. पॅन, बँक खातं खऱ्या नावाचं. करारात एक ओळ घालून घ्यायची की पुस्तकावर अमुक नाव छापलं जाईल आणि रॉयल्टी अमुक व्यक्तीला मिळेल. किंडलवर स्वतः प्रकाशित केलं तरी टोपणनाव चालतं, खातं मात्र खऱ्या नावाचंच लागतं. म्हणजे प्रकाशक, हिशेबनीस आणि बँक, एवढ्यांना तुम्ही कोण ते कळणारच. ‘हॅरी पॉटर’वाल्या रोलिंगबाईंची ‘रॉबर्ट गॅलब्रेथ’ ही ओळख २०१३ साली तीनेक महिन्यांत फुटली ती एका वकिलाच्या ओळखीपाळखीतून. गुपित राखायचं तर आधी गुपित माहीत असलेल्यांची यादी करा. यादी पाचाच्या वर गेली की आशा सोडा.

वय अठराच्या आत असेल तर भारतात करार करता येत नाही. पालकांना मधे घ्यावं लागतं. म्हणजे आईबाबांपासून लपवण्यासाठी टोपणनाव घेणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाने आधी वर्षभर थांबावं.

आणि कॉपीराइट. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतो. टोपणनावाने छापलेल्या पुस्तकाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं. मात्र तेवढ्यात खरं नाव उघड केलं तर पुन्हा मृत्यूनंतरची ६० वर्षं लागू होतात. विशीत लिहिलेलं पुस्तक असेल तर ऐंशीव्या वर्षी आपल्या हयातीतच हक्क संपायचा. भाचीला हे ऐकून हसू आलं. मला आलं नाही.

तर मग कुठली वाट?

घरून, नोकरीवरून किंवा गावातून खरा धोका असेल तर विभावरींची वाट, आणि ती पूर्ण काळजीने. नाव फार सामान्य असेल, किंवा त्या नावाचा दुसरा लेखक आधीच असेल, तर अर्नाळकरांची: एकच टोपणनाव, उघडपणे, आयुष्यभर. दोन नावं पहिल्या नावाला वाचक मिळाल्यावर. पहिलं लेखन कच्चं आहे म्हणून लाजून दुसऱ्या नावाआड ठेवायचं असेल, तर ते मुळात छापायची घाई का? खणात राहू द्यावं. किंगचंही तिथे दहा-बारा वर्षं राहिलंच होतं.

भाचीने शेवटी एकच टोपणनाव घ्यायचं ठरवलं, आजोळच्या गावावरून आडनाव. मला हस्तलिखिताचं पहिलं पान पाठवलं, नाव मोठ्या टायपात. मी ते गूगलवर टाकून पाहिलं. त्या नावाच्या एक दंतवैद्य निघाल्या, साडेचारशे रिव्ह्यूंसकट. भाचीला कळवलंय. आता ती आजीला माहेरचं गाव विचारतेय.